चेटकिणींच्या पाणपोईशेजारी दुसरी पाटी लावा: एडिनबर्ग नगर परिषदेस खुले पत्र

प्रति,
माननीय लॉर्ड प्रोव्होस्ट आणि नगर परिषदेचे सर्व सदस्य,
एडिनबर्ग

सप्रेम नमस्कार.

मी नंदुरबार जिल्ह्यातली निवृत्त परिचारिका आहे. सातपुड्याच्या पाड्यांवर एकतीस वर्षं बाळंतपणं केली, लसी टोचल्या, जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवल्या. मुलगी तुमच्या शहरात नोकरी करते, तिच्याकडे तीन महिन्यांसाठी आले आहे. पत्र मराठीत लिहिते आहे, कारण जे सांगायचं आहे ते मला याच भाषेत धड सांगता येतं. मुलगी त्याचं इंग्रजी करून तुमच्याकडे पाठवेल. खुलं ठेवलं ते आमच्या लोकांसाठी. हल्ली आमच्याकडून पुष्कळ मंडळी स्कॉटलंड बघायला येतात आणि किल्ल्याच्या दारातल्या त्या पाणपोईशी उभं राहून फोटो काढतात.

मागणी आधीच सांगून टाकते. किल्ल्यासमोरच्या मैदानाच्या तोंडाशी, भिंतीत बसवलेली जी लोखंडी पाणपोई आहे, जिला सगळे 'विचेस वेल' म्हणतात, तिच्याशेजारी दुसरी पाटी लावा. जुनी काढू नका. नवीन पाटीवर स्पष्ट लिहा की इथे ज्यांना मारलं त्या चेटकिणी नव्हत्या. आणि ज्यांनी मारलं त्यांचीही नावं लिहा.

ही पाणपोई १८९४ ची. जॉन डंकन या चित्रकाराने तिची रचना केली. दोन चेहरे, एक उग्र आणि एक शांत, त्यांना वेढलेला साप आणि तिलपुष्पीसारख्या घंटेच्या आकाराच्या फुलांचा तुरा, ज्याला तुमच्याकडे फॉक्सग्लोव्ह म्हणतात. वरची पाटी १९१२ ची. तिच्यावर लिहिलेल्या मजकुराचा अर्थ असा: या जागेजवळ पुष्कळ चेटकिणींना खांबाला बांधून जाळलं. काहींनी आपलं असामान्य ज्ञान दुष्ट हेतूंसाठी वापरलं, तर काहींबद्दल गैरसमज झाला, त्यांना इतरांचं भलंच हवं होतं. साप म्हणजे दुष्टपणाही आणि शहाणपणही. फुलांचा तुरा सांगतो की पुष्कळशा साध्या वस्तूंचे दोन उपयोग असतात.

मुलीने मला ते वाचून दाखवलं आणि मी तिथल्या तिथे थांबले. 'काहींनी दुष्ट हेतूंसाठी वापरलं.' कोणी? कधी? कोणाविरुद्ध? खटल्यांच्या कागदांत जे 'दुष्ट हेतू' आहेत ते पुष्कळसे छळ करून वदवलेले. तीनशे वर्षांनंतर दया दाखवायला बसवलेल्या पाटीनेही त्यातला अर्धा आरोप कायमच ठेवला आहे.

फॉक्सग्लोव्हबद्दल मला थोडं कळतं. हृदयरोगावरची डिजिटालिसची औषधं त्याच कुळातून आली. विल्यम विदरिंग नावाच्या डॉक्टरने १७८५ मध्ये त्यावर लिहिलं. तो तुमच्याच विद्यापीठातून डॉक्टर झाला होता, आणि त्याला त्या झाडाचा सुगावा लागला तो इंग्लंडातल्या एका म्हातारीच्या घरगुती काढ्यावरून. डिगॉक्सिनची गोळी मी कितीतरी रुग्णांना दिली आहे, देण्याआधी नाडी मोजली आहे. मात्रा चुकली तर ते जीव घेतं हे खरंच. पण पाटी झाडाबद्दल बोलता बोलता बाईबद्दल बोलू लागते, आणि तिथे ती घसरते. औषधाची मात्रा चुकू शकते. त्या बायकांवर ठेवलेल्या, समुद्रात वादळ उठवल्याच्या आरोपात मात्रेचा प्रश्नच नसतो, कारण ते कोणी केलेलंच नसतं.

ही पाणपोई बसवून घेणारे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस आम्हाला परके नाहीत, हे तुम्हाला कदाचित माहीत नसेल. १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र विभाग सुरू झाला तेव्हा पहिले प्राध्यापक म्हणून तेच आले. त्यांच्यानंतर १९२४ मध्ये तो विभाग आमच्या मालवणच्या गो. स. घुर्ये यांनी सांभाळला. शहर पायी फिरून समजून घ्यावं, हे गेडिस यांचं सांगणं. आमच्याकडची जुनी गावं पाहताना त्यांना तिथल्या तळ्यांचं, गल्लीबोळांचं मोल कळलं होतं. जिथे माणसं जाळली तिथे पाण्याची सोय करावी हे ज्याला सुचलं, त्याचं मन मोठं होतं असंच मी मानते. म्हणूनच म्हणते, जुनी पाटी राहू दे. त्याच्या काळात त्याला तेवढंच दिसलं.

तर मीही शहर पायी फिरले. गाइडबरोबर एकदा जाऊन पाहिलं होतं. तो छान बोलायचा, पण लेडी ग्लॅमिसला चेटकीण म्हणून जाळलं असं त्याने ठासून सांगितलं. १५३७ मध्ये तिला याच टेकडीवर जाळलं हे खरं, पण तिच्यावरचा आरोप राजद्रोहाचा होता. पुढे प्रिन्सेस स्ट्रीटच्या बागेकडे बोट दाखवून तो म्हणाला की इथे पूर्वी नॉर लॉख तळं होतं आणि त्यात बायकांना बुडवून परीक्षा घेत. ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा आला. पण पाण्यात टाकून परीक्षा घेण्याची रीत स्कॉटलंडमध्ये जवळजवळ नव्हतीच. इथली रीत साधी आणि जास्त भयंकर होती. झोपू द्यायचं नाही. दिवसच्या दिवस, आळीपाळीने पहारा ठेवून जागं ठेवायचं, म्हणजे माणूस हवं ते कबूल करतो. आमच्याकडे 'जागरण' म्हटलं की खंडोबाचं जागरण-गोंधळ आठवतं, म्हणून तो शब्द इथे वापरताना मला जड गेलं.

दुसऱ्या वेळी आम्ही मायलेकी दोघीच निघालो, सकाळी सातला, गर्दीच्या आधी. मुलीने विद्यापीठाच्या 'सर्व्हे ऑफ स्कॉटिश विचक्राफ्ट'मधून टिपणं काढली होती. सगळे लोक किल्ल्याकडून खाली उतरतात. आम्ही उलटं केलं, हॉलिरूड राजवाड्यापासून वर चढलो. कारण गोष्ट त्या दिशेने घडली आहे. राजवाड्यात सुरू झाली, टोलबूथमध्ये, म्हणजे तुरुंग आणि कचेरीत, शिक्का बसला, टेकडीवर संपली. माझे गुडघे दुखतात, त्यामुळे मी हळू चालते, आणि हळू चालल्याचा फायदाच झाला.

१५८९ मध्ये स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स याची वधू, डेन्मार्कची ॲन, वादळांमुळे स्कॉटलंडला पोहोचू शकली नाही. राजा स्वतः तिला आणायला गेला, ओस्लोत लग्न झालं, १५९० च्या मे महिन्यात दोघं लीथच्या बंदरात उतरले. वादळांचा ठपका ठेवायला कोणीतरी लागत होतं. डेन्मार्कमध्ये बायकांची धरपकड झाली आणि तेच लोण इथे आलं. शहराच्या पूर्वेला ट्रॅनंट गाव आहे. तिथल्या डेव्हिड सीटनच्या घरची मोलकरीण गेलिस डंकन आजाऱ्यांना बरं करते, रात्री बाहेर जाते, एवढ्यावरून मालकाने तिची बोटं पेचात आवळली, डोक्याला दोरी बांधून पिळली. तिने नावं घेतली. त्या काळच्या एका पुस्तिकेत लिहिलं आहे की राजाने तिला समोर बोलावून मोरचंग वाजवायला लावलं. पेचात आवळलेल्या बोटांनी तिने ते कसं धरलं असेल, हे मला हॉलिरूडच्या फाटकाशी उभं राहून सारखं वाटत होतं.

तिने घेतलेल्या नावांत ॲग्नेस सॅम्पसन होती. लोक तिला कीथची शहाणी बाई म्हणत. बाळंतपणं करायची, आजाऱ्याच्या उशाशी बसून प्रार्थना म्हणायची. याच राजवाड्यात राजाने तिची स्वतः उलटतपासणी केली. तिचे केस भादरून अंगावर सैतानाची खूण शोधली. २८ जानेवारी १५९१ ला तिला कॅसलहिलवर, म्हणजे किल्ल्याच्या टेकडीवर, आधी गळा आवळून मारलं आणि मग जाळलं. तुमच्याच नगर परिषदेच्या खजिनदाराच्या हिशेबात त्या दिवसाचा खर्च आहे: ६ पौंड, ८ शिलिंग, १० पेन्स, स्कॉटिश चलनात. मी सरकारी नोकरी केली आहे. हिशेब कसा लिहितात ते मला ठाऊक आहे. कोणीतरी लाकडांचे पैसे चुकते केले, कोणीतरी बेरीज तपासली, कोणीतरी सही केली. तुमचं कार्यालय तेव्हाही होतं आणि आजही आहे. म्हणून हे पत्र राजाच्या वारसांना न लिहिता तुम्हाला लिहिते आहे.

कॅननगेटचा रस्ता चढून सेंट जाइल्स चर्चपाशी आलो. तिथे फरसबंदीत दगडांचं हृदय आहे. १८१७ मध्ये पाडलेल्या टोलबूथच्या जागेची ती खूण. बार्बरा नेपियर हिला ज्युरीने मुख्य आरोपातून सोडलं, तेव्हा राजाला इतका राग आला की त्याने ज्युरीवरच खटला भरला, आणि जून १५९१ मध्ये टोलबूथमध्ये स्वतः येऊन भाषण केलं. ज्या पंचांनी निदान एकदा 'नाही' म्हटलं, त्यांना शेवटी मान तुकवावी लागली. त्यांच्याबद्दल तिथे एक ओळ हवी असं मला फार वाटतं.

आणि युफेम मॅकॅलियन. मोठ्या घरची, श्रीमंत न्यायाधीशाची मुलगी. तिला २५ जून १५९१ ला जिवंत जाळलं. बाकीच्यांना आधी गळा आवळून मारत, तिला तेवढीही सवलत मिळाली नाही. मुख्य आरोप राजाला मारण्याच्या कटाचा. पण आरोपपत्रात हेही होतं की बाळंतपणाच्या कळा कमी व्हाव्यात म्हणून तिने ॲग्नेस सॅम्पसनकडून उपाय घेतला. उशाखाली भोक असलेला दगड ठेवला, नवऱ्याचा सदरा काढून पलंगाखाली ठेवला. १५६३ च्या कायद्यात चेटूक करणाऱ्याला मरण होतं, आणि चेटकिणीकडे उपाय विचारायला जाणाऱ्यालाही.

हे वाचून मी बराच वेळ गप्प होते. आमच्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवतात. कळा अडल्या तर तिच्या केसांची गाठ सोडतात, घरातल्या पेट्यांची कुलुपं उघडतात. मी विज्ञान शिकलेली बाई, मला ठाऊक आहे की विळ्याने काही होत नाही. पण मी तो कधी काढला नाही. घाबरलेल्या पोरीला त्याने धीर यायचा.

प्रिन्सेस स्ट्रीटच्या त्याच बागेत, जिथे पूर्वी तळं होतं, डॉक्टर जेम्स यंग सिम्पसन यांचा पुतळा आहे. १८४७ च्या नोव्हेंबरमध्ये याच शहरात त्यांनी प्रसूतीच्या वेदना कमी करायला क्लोरोफॉर्म वापरला. युफेमनंतर २५६ वर्षांनी. त्या पुतळ्याला मी मनापासून नमस्कार केला. मग वळून वर टेकडीकडे पाहिलं. एका डोंगराच्या वर आणि खाली ही दोन ठिकाणं आहेत, आणि त्यांना जोडणारी एकही पाटी मला वाटेत दिसली नाही.

गेलिस डंकनला वर्षअखेरीस, ४ डिसेंबरला मारलं. मरण्यापूर्वी तिने सांगितलं की युफेम आणि बार्बरावरचे आरोप खोटे होते, तिच्याकडून वदवून घेतले होते. तोवर युफेम जाऊन पाच महिने उलटून गेले होते.

आता माझं सांगते, म्हणजे मी इतकी का लिहिते आहे ते कळेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. उपकेंद्रापासून तीन तास चालत एक पाडा. तिथे एक सुईण होती, पन्नाशीची, विधवा. नावावर थोडी जमीन. बाळ आडवं आहे हे पोटावर हात ठेवून कसं ओळखायचं, हे मला प्रशिक्षणात शिकवलं होतं, पण माझ्या हातात आलं ते तिच्या हातावर हात ठेवून. बाई अडली, रक्त जायला लागलं की ती आपण होऊन माणूस पाठवून मला बोलवायची. एका पावसाळ्यात आठ दिवसांत दोन पोरं दगावली. दोघांनाही न्यूमोनिया होता. बडव्याने, म्हणजे तिथल्या भगताने, दाणे टाकून पाहिले आणि तिचं नाव घेतलं. डाकीण. मी दुसऱ्या दिवशी पोहोचले तेव्हा तिला महुच्या झाडाला बांधलेलं होतं. मिरचीची धुरी दिली होती, डोळे उघडत नव्हते. पाडा सोडून जाईन असं कबूल केल्यावर सोडलं. मुलाला घेऊन ती रात्रीच गुजरातच्या हद्दीत गेली. परत आली नाही. तिची जमीन कोणी कसायला घेतली तेही मी पाहिलं.

मी माझ्या नोंदवहीत दोन्ही पोरांपुढे 'न्यूमोनिया' लिहिलं. एका पोराच्या आईला हळूच सांगितलं. पण पंचांसमोर उभी राहून मोठ्याने बोलले नाही. मला पुढच्या आठवड्यात त्याच पाड्यावर एकटीला जायचं होतं. ती नोंदवही कुठल्यातरी कपाटात पडली असेल. खरं कारण तिच्यात लिहिलेलं आहे, पण जिथे म्हणायला हवं होतं तिथे ते कोणी म्हटलं नाही.

२० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घालून मारलं. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षं झगडत होते त्याचा वटहुकूम काही दिवसांत निघाला, आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्या कायद्यात, एखादी व्यक्ती करणी करते, जादूटोणा करते असं भासवून तिला त्रास देणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद. तुमच्या १५६३ च्या कायद्यात आरोपी ती बाई होती. आमच्या २०१३ च्या कायद्यात आरोपी तिला डाकीण म्हणणारा. मी तो मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा महुच्या झाडाखालची जागा बदलल्यासारखी वाटली. मारहाण त्याने थांबली का? सगळीकडे नाही. पण पोलीस पाटलाला आता कोणाला धरायचं ते ठाऊक आहे.

तुमच्या पाणपोईवर नेमका हाच पालट अजून झालेला नाही. पाटी अजूनही त्या बायांचा न्यायनिवाडा करत बसली आहे, थोड्या दुष्ट, थोड्या भल्या. निवाडा करणाऱ्यांबद्दल तिच्यात एक अक्षर नाही.

तुमच्या देशात काहीच झालं नाही असं मी म्हणत नाही. ८ मार्च २०२२ ला तेव्हाच्या फर्स्ट मिनिस्टर, म्हणजे मुख्यमंत्री, निकोला स्टर्जन यांनी संसदेत क्षमा मागितली, त्याच वर्षी मे महिन्यात स्कॉटलंडच्या चर्चनेही मागितली. 'विचेस ऑफ स्कॉटलंड' ही मोहीम चालवणाऱ्या बाया कायदेशीर क्षमा आणि राष्ट्रीय स्मारक मागत आहेत. मुलीने मला हे समजावताना अडखळून विचारलं, आई, मराठीत माफी मागणं आणि माफी देणं, यातलं कोणतं म्हणू? मी म्हटलं, सरकारने मागायची आहे, हे तेवढं नीट लिही.

ऑर्कनीमधल्या कर्कवॉलला २०१९ मध्ये एक दगड बसवला आहे. त्यावर तिथल्या बोलीत इतकंच कोरलं आहे की ती साधीच माणसं होती. मुलीने फोनवर फोटो दाखवला, मला तो फार आवडला. नॉर्वेत वार्डोला २०११ पासून मोठं स्मारक आहे: समुद्रकाठी लांबलचक अंधारी ओसरी, ९१ माणसांसाठी ९१ खिडक्या, प्रत्येकीत एक दिवा आणि शेजारी त्या माणसाच्या खटल्यातला मजकूर. त्या भागात धरपकड वाढली ती जॉन कनिंगहॅम या अधिकाऱ्याच्या काळात, आणि तो स्कॉटिश होता. इथली आग बोटीतून तिकडे गेली. त्यांनी प्रत्येकाचं नाव लिहिलं.

तुमच्याकडे नावं आहेत. विद्यापीठाने २००३ मध्ये त्या सर्व्हेचं काम पूर्ण केलं तेव्हा स्कॉटलंडभरच्या ३,८३७ आरोपींच्या नोंदी मिळाल्या, त्यांत सुमारे ८४ टक्के बायका. इतक्या जणांची पाटी होणार नाही हे मला कळतं. मी मागते आहे ते थोडं आहे. पाणपोईशेजारी एक पाटी. हॉलिरूडच्या फाटकाबाहेर एक, राजाने इथे स्वतः चौकशी केली म्हणून. टोलबूथच्या हृदयापाशी एक, बार्बराच्या पंचांसाठी. आणि सिम्पसनच्या पुतळ्यापाशी युफेमचं नाव. म्हणजे गाइड नसला तरी माझ्यासारखी कोणीही बाई हातात कागद घेऊन खालून वर चालत येईल आणि तिला खरं तेच वाचायला मिळेल.

पहिल्या पाटीचा मजकूर मी लिहून पाहिला आहे. इंग्रजीत तुमचे जाणकार नीट करतील:

'या जागेजवळ ॲग्नेस सॅम्पसन, युफेम मॅकॅलियन आणि इतर अनेकांना जाळण्यात आले. त्यांपैकी कोणीही चेटूक केले नव्हते. त्यांच्याविरुद्ध वापरलेल्या कबुल्या छळ करून घेतलेल्या होत्या. राजाने चौकशी केली, न्यायालयाने शिक्षा दिली, चर्चने साथ दिली आणि या शहराने जाळण्याचा खर्च दिला.'

शेवटचं वाक्य गाळू नका, एवढी विनंती आहे.

मी सप्टेंबरअखेरपर्यंत इथे आहे. बैठकीत बोलायला बोलावलंत तर येईन, मुलगी दुभाषी म्हणून बसेल. सकाळची वेळ दिलीत तर बरं, चढ चढायला मला वेळ लागतो.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
शहादा, जि. नंदुरबार
(सध्या मुक्काम एडिनबर्ग)